पैलवानाचा विसावा

"तुमच्यापेक्षा चोर बरा, साहेब! चोराला निदान कळतं आपण काय उचललं ते. तुम्ही अख्ख्या वर्षातली सर्वांत तापलेली एक दुपार उचलता, त्या दुपारी यंत्राला जोखता, त्याच्या कपाळावर पहिल्या दर्जाचा शिक्का मारता आणि उरलेलं वर्ष आमच्या गळ्यात बांधून मोकळे होता. लोकांना खोटं सांगता तुम्ही. धडधडीत खोटं!"

थोरलीने फोन टेबलावर आदळला. कारखान्याची तपासणीची खोली होती ती. टेबलावर पाण्याने भरलेल्या काचेच्या बरण्या झाकण खाली करून, उलट्या, टिपकागदावर उभ्या होत्या. फोनच्या आदळण्याने त्या सगळ्या एकदम हलल्या.

"झालं समाधान?" धाकट्याने कपाळाला हात लावला. "दुपारी तोच माणूस पडताळणीला येणार आहे, ताई. त्याच्या हातात आपली वीज आहे. आता देतोय तो मंजुरी!"

"त्याने फोन ठेवल्यावर बोलले मी."

"ठेवल्यावर?"

"मग काय समोर बोलू? तेवढं कळतं मला."

"एवढी अक्कल शाबूत आहे म्हणायची," आत्या म्हणाली आणि हातातलं झाकण बरणीवर फिरवत राहिली. ती बोलताना, रागावताना, फोनवर बातम्या ऐकताना, सतत कुठलं तरी झाकण कुठल्या तरी बरणीवर फिरवत असे. अण्णा तिचे धाकटे भाऊ, या दोघांचे बाप, कारखान्याचे धनी. पण झाकण बसलं की नाही याबाबत अख्ख्या कारखान्यात शेवटचा शब्द आत्याच्या मनगटाचा.

गावात या घराला झाकणवाले म्हणत. थट्टेने म्हणत, आणि या घराने ती थट्टा दारावर पाटी करून लावली होती. इतरांना पूर्वजांच्या तलवारींचा अभिमान असतो, यांना झाकणांचा होता. प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला, बोटाने चाचपल्यावरच कळेल असा, बारीक ठिपका. अण्णांच्या वडिलांच्या काळात एक. अण्णा आणि आत्याच्या काळात दोन. पिढीत जो कारखाना चालवतो त्याचे ठिपके साच्यात कोरायचे, हा घरचा रिवाज. आणि नव्या हॉलसाठी येणाऱ्या साच्यांवर तीन ठिपके कोरायचे, ते थोरलीच्या नावाचे, हे अण्णांनी मागच्याच महिन्यात सगळ्या कामगारांसमोर जाहीर केलं होतं. त्या दिवशी थोरली घरी जाऊन न्हाणीघरात पाणी सोडून रडली होती. आनंदाने रडणं तिला कुणाला दाखवायचं नव्हतं.

आता प्रश्न होता नव्या हॉलच्या चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा. साच्यात प्लास्टिक ओततात ते वितळलेलं. साच्याभोवती थंड पाणी फिरतं तेव्हा त्याचं झाकण होतं. तेच पाणी पुढे हॉलची हवा गार करतं. पाणी बिघडलं की झाकण बिघडलं. साधी गोष्ट. पण या घरात साधी गोष्ट कुणी साधेपणाने केल्याचं ऐकिवात नव्हतं.

"मला एकदा नीट सांग," अण्णा म्हणाले. "धाकट्याने ठरवलेलं यंत्र पहिल्या दर्जाचं आहे. वीज-कचेरीचा शिक्का आहे. त्या शिक्क्यावर नव्या हॉलची वाढीव वीज मंजूर होते. आपल्या पैलवानापेक्षा ते दीडपट आहे. मग तुझं दुखतंय कुठे?"

"दीडपट आहे तिथेच दुखतंय."

"पैलवानाचा बाप आहे तो!" धाकटा उत्साहाने म्हणाला. "तुम्ही बघाच अण्णा, आल्यावर."

"बाप नको आणूस रे घरात," आत्या म्हणाली. "एक आहे तोच पुरे."

अण्णांनी हसण्यावारी नेलं. पैलवानाचा विषय निघाला की ते कशावरही हसत. पैलवान म्हणजे सध्याचा चिलर. जुन्या हॉलच्या मागे त्याची स्वतंत्र खोली होती आणि त्या खोलीला, कारखान्यात कशालाच नाही अशी, मोठी काचेची खिडकी. पाहुणा कुणीही असो, व्याही असोत की बँकेचे साहेब, अण्णा त्याला आधी त्या काचेसमोर उभं करत. "बघा हं, आता बसेल," म्हणत आणि चुटकी वाजवत. खरोखरच कॉम्प्रेसर गप्प होई. "संपलं काम! एवढ्याशा कामाला त्याला घामही फुटत नाही. आता दम घेणार." पाहुणे टाळ्या वाजवत. थोरलीने परकर-पोलक्यात असल्यापासून अशा टाळ्या वाजवल्या होत्या. पैलवानाच्या आधीचा चिलर त्याच्याहून लहान होता, त्याच्या आधीचा त्याहून लहान. झाकणं सैल निघाली की हे घर मोठं यंत्र आणी. पुन्हा सैल निघाली की आणखी मोठं.

"नव्या हॉलला थंडावा किती लागेल, हा आकडा कुणी काढला?" थोरलीने विचारलं.

"तूच काढलास की," धाकटा म्हणाला.

"मी काढला तो इथून गेला तेव्हा किती होता आणि यंत्रवाल्याकडे पोचला तेव्हा किती झाला? आत्या, तू त्यात काय केलंस?"

आत्याचा हात थांबला. "मी? काही नाही. उन्हाळा हल्ली कडक असतो. थोडा वाढवला."

"अण्णा?"

"उद्या आणखी चार साचे येतील, म्हणून हातचा राखून..."

"आत्या वाढवून गेली होती हे माहीत होतं तुम्हाला?"

"तिने मला कुठे सांगितलं?"

"धाकट्या?"

धाकटा खिडकीबाहेर बघायला लागला. त्याची बायको, जी इतका वेळ कोपऱ्यात बसून फुटक्या झाकणांची टोपली निवडत होती, ती पहिल्यांदा बोलली. "यांनीही टाकलं. मला म्हणाले, ताई नेहमी हात आखडता घेते."

"आणि यंत्रवाल्याने स्वतःचं टाकलं ते वेगळं," थोरली म्हणाली. "एका भाजीत चार जणांनी वरून मीठ टाकलंय आणि चौघंही म्हणतात, मी तर चिमूटभरच!"

"मिठाचं नि यंत्राचं काय? यंत्र मोठं असलं तर बिघडतं कुठे?" अण्णांचा आवाज चढला. "ताकद असावी. वापरावी लागली नाही तर अंगावर राहते."

"या माझ्याबरोबर."

"कुठे?"

"काचेपाशी नाही. आत."

पैलवानाच्या खोलीत घरची माणसं क्वचितच जात. आतून तो दिसतो त्यापेक्षा म्हातारा होता. निळा रंग सांध्यांवर उडालेला, पाइपांवरचं काळं आवरण ठिकठिकाणी फुगलेलं. थोरलीने एका जागी ते आवरण कापून ठेवलं होतं. थंड पाणी साच्यांकडे निघतं तो पाइप तिथे उघडा होता.

"हात ठेवा, अण्णा."

अण्णांनी पंजा टेकवला. "गार आहे. चांगला गार आहे."

कॉम्प्रेसर घरघरत होता. मग एकदम गप्प झाला. अण्णांची चुटकी सवयीने वाजली. "बसला!"

"हात काढू नका."

सगळे उभे राहिले. थंडीचे दिवस होते, हॉलची हवा गार करायचं काम जवळपास उरलंच नव्हतं, म्हणून पैलवान लगेच बसला होता. भिंतीपलीकडे साच्यांची मशीनं मात्र तशीच उघडझाप करत होती, त्यांना ऋतू कुठला? अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू, पाइपाच्याच वेगाने, उतरत गेलं. पंजाखालचा गारवा निघून चालला होता.

"हा आता लगेच उठणार नाही," थोरली म्हणाली. "बसल्यावर लगेच उठला तर मोटर जळते, म्हणून त्याला थांबावंच लागतं. तोवर साच्यांना कोमट पाणी. मग उठेल तो अख्ख्या ताकदीने, कारण अर्ध्या ताकदीने काम करणं त्याला येतच नाही."

तिचं बोलणं पुरं होण्याआधी धाड्कन आवाज आला. खोलीतला दिवा मिचकला. पैलवान उठला होता. पाइप पुन्हा थंड पडायला लागला आणि पुरता थंड पडतोय न पडतोय तोच पुन्हा सगळं गप्प.

"हा दम घेत नाही, अण्णा. हा धापा टाकतो. ज्या माणसाला चालायचंय त्याला दर चार पावलांवर आपण खाली बसवतो आणि चाबूक मारून उठवतो. उठताना तो जेवढी वीज खातो, तेवढ्यात शहाणं यंत्र निवांत चालत राहिलं असतं."

"म्हणजे इतकी वर्षं," अण्णा म्हणाले आणि थांबले.

भावजय तोवर कुणाला न सांगता हॉलमध्ये जाऊन आली होती. तिच्या दोन्ही मुठींत झाकणं होती. "हे पैलवान चालू असतानाचं. हे तो बसल्यानंतरचं. आत्याबाई, लावून बघा."

आत्याने पहिलं झाकण बरणीवर फिरवलं. करकचून बसलं. दुसरं फिरवलं. शेवटच्या आट्यावर तिच्या मनगटाला जे कळायचं ते कळलं. तिने ते काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग शिवी दिली. आत्याची शिवी म्हणजे सही होती.

"तक्रारी थंडीतच येतात," भावजय म्हणाली. फोनवरची सगळी बोलणी तीच खात असे. "भर उन्हाळ्यात माझा फोन वाजत नाही. मला वाटायचं, थंडीत लोकांना भांडायला हुरूप येतो."

थोरलीला हसू फुटलं आणि त्याच वेळी या बाईला आपण इतके दिवस धाकट्याची सावली समजत होतो याची लाजही वाटली. धाकट्याने बायकोकडे असं पाहिलं की जणू तिने भर सभेत पक्ष बदलला. बदललाच होता.

"पाहुण्यांना मी टाळ्या वाजवायला लावल्या," अण्णा पाइपाकडे बघत म्हणाले. "याच्या धापांना."

 आत्या खोखो हसायला लागली. "मीही वाजवल्या की रे! दोन्ही हातांनी! अरे, चूक करायची ती पण केवढी केलीस! काच बसवून, दिवे लावून, लोकांना बोलावून केलीस. आपल्या घराला बारीकसारीक काही जमतच नाही."

अण्णा तिच्यावर डाफरणार होते. पण त्यांचा चेहरा मध्येच फिरला. ते लेकीकडे वळले आणि तिच्याकडे असं पाहिलं, की थोरलीला आपला पदर उगाचच सारखा करावासा वाटला.

"तुझं काय म्हणणं? काय आणायचं?"

"दोन लहान. दोन्हींचा वेग कामाप्रमाणे कमी-जास्त होतो. एक वर्षभर अर्ध्या चालीने चालेल, बसणार नाही. ऊन तापलं की दुसरं सोबतीला उठेल. पाण्याचा गारवा इकडचा तिकडे होणार नाही. आणि आपण पाणी उगाच बर्फासारखं करतो, तेवढं साच्यांना लागतच नाही. थोडं कमी गार ठेवलं तर वीज आणखी वाचेल."

"उगाच नाही," अण्णा म्हणाले. "पाहुण्यांना प्यायला देता यावं म्हणून."

"तेच म्हणते मी."

"सगळं खरं, ताई." धाकटा इतका वेळ दाराला टेकून उभा होता. आता पुढे आला. त्याचा आवाज भांडणाचा नव्हता, आणि म्हणून थोरलीला तो जास्त लागला. "पण त्या दोन लहानग्यांना कचेरी दुसरा दर्जा देते. तापलेल्या दुपारी, पूर्ण ताकदीवर, ती मोठ्याच्या किंचित मागे पडतात. शिक्का नाही तर वाढीव वीज नाही. वीज नाही तर हॉल नाही. तो हॉल मी उभा केलाय. पायापासून. तू साचे चालवतेस तेव्हा अण्णा गावभर सांगतात. माझं सांगण्यासारखं तेवढं एकच आहे."

 हॉलच्या छपराचा पहिला पत्रा चढला तेव्हा हा वर चढून ओरडला होता, ते थोरलीला आठवलं.

"तुझा हॉल रखडला तर मला वाईट वाटेल," ती म्हणाली. "पण त्या हॉलमधून गळकी झाकणं बाहेर पडली तर मला तोंड दाखवता येणार नाही. औषधवाल्याने काय सांगितलंय माहीत आहे ना? पुन्हा एक खेप गळाली तर दुसरीकडे जातो. ती बाटली कुणाच्या तरी आजारी पोराच्या उशाशी असते रे. तू मोठंच आणणार असशील तर आण. मी अडवणार नाही. पण साच्यात तीन ठिपके कोरू नकोस. कोराच ठेव. माझ्या नावाने ते झाकण जाणार नाही."

खोलीत पैलवान पुन्हा धाड्कन उठला. यावेळी कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"ठिपके कोरायचे की नाही हे तू ठरवणारी कोण?" अण्णा गरजले. "ते मी ठरवलेत! गावासमोर सांगितलेत! झाकणवाल्यांचा शब्द आहे तो!" मग तेवढ्याच मोठ्या आवाजात, जणू तेही भांडणच असल्यासारखं, म्हणाले, "दोन लहान येतील. आणि या खोलीची काच तशीच राहील. पाहुण्यांना मी न बसणारं यंत्र दाखवीन. बघा म्हणावं, थकत नाही!"

"चुटकी कधी वाजवशील मग?" आत्याने विचारलं.

"वाजवणार नाही. त्यातच मजा आहे."

पडताळणी अधिकारी जेवणाची वेळ टळल्यावर आला. पोरगेला नव्हता, म्हातारा नव्हता. अंगात जाड स्वेटर, हातात कातडी पिशवी, चेहऱ्यावर दिवसभर लोकांची बोलणी खाऊन आलेला कंटाळा. फाटकापासून चालत येईपर्यंत त्याला घाम फुटला आणि त्याने स्वेटर काढून हातावर टाकला. थोरलीने त्याला तपासणीच्या खोलीत नेलं नाही. सरळ पैलवानाच्या खोलीत नेलं, पाइपावर हात ठेवायला लावला, दोन वेळा उठबस दाखवली. दोन झाकणं हातात दिली. तो माणूस मूर्ख नव्हता. सगळं समजल्याचं त्याच्या डोळ्यांत दिसलं, आणि समजल्यावर त्याने ते मिटून घेतले.

"ताई, तुमचं बरोबर असेल. पण आमच्याकडे मोजायची रीत एकच. पूर्ण ताकद, कडक ऊन. त्यात जे वर, ते पहिलं. अर्ध्या ताकदीवर कोण कसं चालतं, हे आम्ही बघतच नाही."

"का?"

"नियम आहे."

"नियम कुणी केला?"

"वरून आला."

"वर काय आभाळ आहे का?" आत्या म्हणाली.

अधिकारी धाकट्याकडे वळला. घरात एखादा तरी समजूतदार असतो, असा त्याचा अनुभव असावा. "तुमचा अर्ज तर मोठ्या यंत्राचाच आहे. मी आत्ता मान्य करून जातो. ताईंना तुम्ही नंतर समजवा."

थोरलीने भावाकडे पाहिलं नाही. तिने मुद्दाम पाइपाकडे पाहिलं. त्याच्या मनात नसेल ते तिला त्याच्याकडून ओढून घ्यायचं नव्हतं. मागे धाकट्याने घसा साफ केल्याचं ऐकू आलं.

"तो अर्ज मी परत घेतो," धाकटा म्हणाला.

"अहो, विचार करा. हॉल रिकामा राहील."

"राहू दे. हॉल माझा आहे. त्यातून काय बाहेर पडेल हे माझी बहीण ठरवते." आणि मग, झाकणवाल्यांचाच मुलगा तो, त्याला राहवेना. "तिच्यासारखं साचे चालवणारं माणूस दाखवा एक कुठे. मी पैजेवर हॉल लावतो!"

अण्णांनी दुसरीकडे मान फिरवून नाक शिंकरलं. थोरली पाइपापासून वळली.  तिचा आवाज इतका स्वच्छ निघाला की भिंतीपलीकडे मशीनवर उभा असलेला माणूसही मान वळवून बघू लागला.

"साहेब, तुमच्या कचेरीच्या गच्चीवर आमच्या पैलवानाचाच जातभाई बसवलाय ना?"

"मोठा आहे. पहिल्या दर्जाचा."

"हा स्वेटर तिथे घालून बसता?"

अधिकाऱ्याने हातावरच्या स्वेटरकडे पाहिलं. "कधी घालतो, कधी काढतो. मध्येच कुडकुडायला होतं, मध्येच कोंदट होतं. सगळेच घालतात-काढतात. सवय झालीय."

"सवय!" थोरली एक पाऊल पुढे आली. "आमची वीज अडवा. महिनाभर अडवा, वर्षभर अडवा, आम्ही जुन्या हॉलमध्ये तिन्ही पाळ्या चालवू, पण वाकणार नाही. मात्र तुम्हाला असं जाऊ देणार नाही. नियमाचं नाव नको, वरच्यांचं नाव नको, नंतर कळवतो नको. तुम्ही ज्याला पहिला नंबर देता ते यंत्र तुमच्याच डोक्यावर दिवसभर उठबशा काढतं, आणि खाली तुम्ही स्वेटर घालत-काढत आम्हाला वीज वाचवायला शिकवता. हे कुणाच्या भल्यासाठी चाललंय? इथे, आमच्या घरच्या सगळ्यांसमोर, तोंडाने सांगा. बोला, साहेब. आम्ही उभे आहोत."